छाती साफ आहे

१

धाकट्या डॉक्टरांनी फौजदारबाईंच्या पाठीला स्टेथोस्कोपची तबकडी लावली, उचलली आणि "छाती साफ आहे" म्हणून मोकळे झाले. एवढ्या वेळात त्यांची नजर कॉम्प्युटरवरून हलली असेल तर शपथ.

फौजदारबाई पोलिसातून रिटायर झालेल्या. महिनाभर खोकला पिच्छा सोडत नव्हता म्हणून नाइलाजानं आल्या होत्या. उजव्या कुशीवर झोपलं की उबळ जास्त येते, हे सांगायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. पण त्यांनी तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या. कानात नळ्या घातलेल्या माणसाशी बोलायचं तरी कसं? बाई गप्प बसल्या. नोकरीभर भल्याभल्यांची बोलती बंद केलेली ही बाई, तिला कुणी इतक्या सफाईनं गप्प केलं नव्हतं. त्यांचा नुसता तिळपापड झाला.

"चला," म्हणत डॉक्टर उठले. पेशंटनं आता निघावं, हे सांगायची त्यांची ती पद्धत होती. उठताना गळ्यातला स्टेथोस्कोप टेबलाच्या खणाच्या मुठीत अडकला, हिसका बसला, आणि तबकडी नळीतून निसटून खळ्ळकन फरशीवर पडली. सिस्टर उचलायला वाकल्या. तबकडी हातात घेऊन त्यांनी नळीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

नळीच्या तोंडातून एक दोरा लोंबत होता.

डॉक्टरांनी तो ओढला. आतून कापसाचा एक घट्ट पिळलेला बोळा हळूच बाहेर आला. नळीत तो अगदी ठासून बसलेला होता. खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर बसलेली माणसं माना उंच करून बघू लागली, आणि दारातच ड्रायव्हरची लेक उभी होती. तिनं प्लॅस्टिकची एक पिशवी छातीशी धरली होती.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो तिला बघून लालबुंद झाला. "हिनं केलंय हे," ते म्हणाले. "सिस्टर, पोलिसांना फोन लावा."

ही पोरगी फौजदारबाईंच्या शेजारची. बाप बसवर ड्रायव्हर होता, रिटायर होऊन घरी बसलेला. ताप-खोकला झाला म्हणून हिनं त्याला इथे आणलं. डॉक्टरांनी छाती साफ असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. नंतर मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरलेला होता, आणि मागच्या आठवड्यात म्हातारा गेला. तिचा भाऊ इथे जाब विचारायला आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, छाती स्वच्छ होती, पुढे जे झालं ते घरी झालं. भावानं त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं टाकलं. बापाला हिनंच मारलं, औषधं दिली नसणार, असं तो नातेवाइकांत सांगत सुटला होता. आणि ही बिचारी गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून हिंडत होती. भावाला ती पाकिटं बघायचीसुद्धा नव्हती.

आता त्यात ही दुसरी भर. बापाला मारलं ते मारलं, वर डॉक्टरांच्या वस्तूत घातपातही केला म्हणायचं.

"डॉक्टर, पोलीस इथेच बसलीय असं समजा," फौजदारबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या. नाही सापडलं तर मी स्वतः चौकीवर येते तुमच्याबरोबर."

बाहेर भरलेले बाक बघून डॉक्टरांनी नाइलाजानं मान डोलावली. दवाखान्यात पोलीस आले की पेशंट पळतात, एवढं त्यांना कळत होतं. बाईंनी बोळा रुमालात घेतला. एक गोष्ट त्यांना तेव्हाच खटकली होती. पण ती त्यांनी मनातच ठेवली.

२

सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत ट्रे पुसत होत्या. तोच ट्रे त्या पुन्हापुन्हा पुसत होत्या, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

स्टेथोस्कोप दिवसभर डॉक्टरांच्या गळ्यातच असतो, असं सिस्टरनी सांगितलं. दुपारी ते वर घरी जेवायला जातात, तेव्हा तो घराच्या दाराशी खुंटीला अडकवतात. बाकी कधीच उतरत नाही. बाईंनी रुमाल उघडून दाखवला, तर सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे असा सुटा कापूस कित्येक वर्षांत आलेला नाही. आता सगळं पाकीटबंद येतं, फाडायचं, वापरायचं, टाकायचं.

"तुमचं आणि डॉक्टरांचं बरं आहे ना?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

सिस्टरचा हात थांबला. नाही, बरं नव्हतं. चार पेशंटसमोर ते पाणउतारा करतात, असं त्यांनी सांगितलं. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. त्या पेशंटना गुपचूप दुसरा डॉक्टर गाठायला सांगत होत्या. हे धाकट्या डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं तर सिस्टरची नोकरी गेली असती, आणि ते जाऊ नये म्हणून सिस्टर काय वाटेल ते करतील, असं बाईंना वाटून गेलं.

काउंटरवरची मुलगी तोंडाळ. तिला विचारावं लागलंच नाही, नळ सोडल्यासारखी बोलत सुटली. एका बाईंचा घोटा सुजलेला, त्या खुर्चीवर बसायच्या आत औषध लिहून तयार. एका आजोबांचा कान दुखत होता, त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या मिळाल्या. आणि खोलीतून बाहेर आल्यावर सगळे राग काढणार कुणावर? तर हिच्यावर. सर वर जेवायला गेले की ती डॉक्टरांची नक्कल करून दाखवायची, तेवढीच करमणूक.

"जेवतेस कुठे तू?" बाईंनी विचारलं.

"वरच. सरांच्या दारासमोरच्या जिन्यात. इथे जागा कुठाय?"

म्हणजे खुंटीपासून हातभर अंतरावर. बाईंनी भुवई उंचावली, तशी पोरीची पाचावर धारण बसली. ती गडबडीनं म्हणाली, की वर काय मी एकटीच जाते का? मागे एक जुन्या पेशंटबाई रडत रडत थोरल्या डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेल्या होत्या. हे डॉक्टर हातसुद्धा लावत नाहीत म्हणत होत्या. त्यांना विचारा ना.

ड्रायव्हरची लेक सोडली तरी सिस्टर, ही मुलगी आणि ती पेशंटबाई, अशा तिघींवर संशय घेता येत होता, आणि तिघींनाही कारण होतं. फौजदारबाईंना तेच आवडलं नाही. ज्याचा डॉक्टरांवर राग नाही असं एकही माणूस या दवाखान्यात नाही का, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि खोकत पायऱ्यांवर आल्या.

३

ड्रायव्हरची लेक पायरीवर बसली होती. बाई गुडघे सांभाळत तिच्या शेजारी टेकल्या.

"बाबांना तपासलं तेव्हाचं सगळं सांग. गाळू नकोस."

तिनं सांगितलं. बाबा स्वतःच्या पायांनी या पायऱ्या चढून आले होते. डावीकडे टोचतंय, हे ते सांगायला लागले, तेवढ्यात डॉक्टरांनी नळ्या कानात घातल्या. बाबा गप्प झाले. डॉक्टर ऐकत असताना बोलू नये, म्हणून त्यांनी तिलाही गप्प राहायची खूण केली.

"खोल श्वास घ्या, असं म्हणाले डॉक्टर?"

तिनं आठवून बघितलं. "नाही. काहीच नाही म्हणाले."

बाईंनाही सकाळी कुणी श्वास घ्यायला सांगितलं नव्हतं. आत बाकावर बसलेल्यांना त्यांनी मघाशी हेच विचारलं होतं. सगळ्यांनी आधी विचार केला आणि मग नकारार्थी मान हलवली. नळी कानात गेली की पेशंट आपोआप चूप बसतो. डॉक्टरांना तेवढंच हवं असावं.

"आणि मागच्या आठवड्यात तू इथे येऊन ओरडलीस, ते?"

पोरगी पिशवीची कड बोटाला गुंडाळत बसली. काहीतरी लपवणारं माणूस बाई लांबून ओळखायच्या.

"मावशी, मी ती नळी ओढली होती. त्यांच्या गळ्यातून. माझ्या हातात आली होती ती. सिस्टरनी सोडवून घेतली."

आता आली का पंचाईत. स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या गळ्यातून निघून दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्याचं हे एकमेव उदाहरण, आणि हात नेमके हिचे. हे डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी बघितलेलं. पोलिसांना आणखी काय हवं?

तेवढ्यात तिचा भाऊ आला. डॉक्टरांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. तो बहिणीकडे न बघता फौजदारबाईंशी बोलला. मावशी, तुम्ही हिच्यासाठी कशाला जीव काढताय, म्हणाला. बाबांना हिच्या हवाली केलं होतं, त्यांचं काय झालं ते दिसतंयच. आता हे नवीन. हिचं मला काहीही खरं वाटत नाही.

बहिणीनं पिशवी त्याच्यापुढे धरली. "दादा, एकदा बघ तरी. एकही गोळी चुकवली नाही मी."

त्यानं तोंड फिरवलं आणि आत निघून गेला. फौजदारबाईंना असं वाटलं, की याच्या कानाखाली एक वाजवावी. पण तो रडू आवरत होता, हेही त्यांना दिसलं. बापाच्या मरणाचं खापर कुणावर तरी फोडल्याशिवाय त्याला झोप लागत नसणार.

त्यांनी रुमाल पुन्हा उघडला आणि बोळा उन्हात धरला. त्याच्या एका टोकाला तबकडीच्या दांड्याचा गोल ठसा खोल उमटलेला होता. दोरा मूळचा पांढरा, पण नळीच्या रबराला टेकून टेकून एका बाजूनं काळवंडला होता. आणि तो दोरा बोळ्याच्या आत गाठ मारून घातलेला होता. एखाद्याचं वाटोळं करायला कुणी बोळा कोंबला, तर त्याला ओढून काढायला शेपूट कशाला ठेवेल?

बाई उठल्या आणि जिना चढू लागल्या.

४

थोरले डॉक्टर, म्हणजे धाकट्यांचे वडील, खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. खाली पाटी अजून त्यांच्याच नावाची होती. बाईंच्या मुलाचा गोवर, नवऱ्याचा दमा, सगळं त्यांनीच बघितलेलं. नाडी धरली की ते आधी घरच्यांची चौकशी करायचे, आणि पेशंटचं बोलणं संपेपर्यंत हात सोडायचे नाहीत.

"मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "एक कान गेलाच, दुसरा निघालाय. ऐकू येईना तशी मी खुर्ची सोडली. न ऐकणाऱ्या डॉक्टरानं बसू नये तिथे."

बाईंनी मोठ्यानं सांगितलं, की तुमच्या मुलाचा स्टेथोस्कोप सकाळी तुटला आणि ड्रायव्हरच्या मुलीवर आळ आलाय. बोळ्याचा त्यांनी उच्चारही केला नाही. म्हाताऱ्यानं कूस बदलली. तिच्यावर कशाला, असं ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांच्या कानाशी काहीतरी लोंबत होतं. बाईंना आधी ती कानातल्या यंत्राची वायर वाटली. मग खिडकीतून वारा आला, तशी ती हलली. तो दोरा होता. कान वाहत असावा, म्हणून त्यांनी कापसाचा पिळदार बोळा घातला होता, आणि तो ओढून काढता यावा म्हणून त्याला दोऱ्याचं शेपूट ठेवलं होतं. शेजारच्या स्टुलावर कापसाची गुंडाळी होती. खाली कित्येक वर्षांत आली नव्हती, तशी.

बाईंनी ते बघितलं. त्यांनी बघितलेलं थोरल्या डॉक्टरांनीही बघितलं.

"संध्याकाळी खाली या," बाई म्हणाल्या. "त्या पोरीसाठी या. मी सांगितलं तर ती पोलिसांची हुशारी होईल. तुम्ही सांगितलंत तर तिचा भाऊ ऐकेल."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. येतो की नाही ते काही सांगितलं नाही.

५

संध्याकाळी पेशंट संपले तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत सिस्टर होत्या, काउंटरवरची मुलगी होती, आणि भाऊ-बहीण दोन भिंतींना टेकून उभे होते. धाकटे डॉक्टर घड्याळ बघत होते. थोरल्यांचा पत्ता नव्हता. जिन्याकडे एकदा बघून फौजदारबाईंनी सुरुवात केली.

"डॉक्टर, हा बोळा नळीत कधी घातला असेल?"

"हिनं हिसकाहिसकी केली, तेव्हाच. मागच्या आठवड्यात."

"झटापटीत? नळी उपटायची, कापूस पिळायचा, दोऱ्याला गाठ मारायची, ठासून बसवायचा, नळी परत जोडायची, आणि सिस्टरना दिसायचं नाही? बरं, समजा घातला. म्हणजे आठवडाभर तो आत होता. आठवडाभर तुम्ही इतक्या जणांच्या छात्या तपासल्यात. काहीच ऐकू येत नाही, हे तुम्हाला कळलं नाही?"

धाकटे डॉक्टर गडबडले. मग तो आज सकाळीच घातला असणार, असं ते घाईनं म्हणाले. कालपर्यंत मला व्यवस्थित ऐकू येत होतं, तुम्ही उगाच शब्दात पकडू नका.

बाईंना हेच हवं होतं. "आज सकाळी तुम्ही माझी छाती तपासलीत. तपासून उठलात, नळी मुठीत अडकली, तबकडी पडली, बोळा निघाला. मी समोर बसले होते. मध्ये कुणी बोटसुद्धा लावलं नाही. म्हणजे माझी छाती ऐकताना बोळा आतच होता. तरी तुम्ही म्हणालात, साफ आहे. काय ऐकलंत तुम्ही?"

डॉक्टरांनी टेबलावरची नळी उचलली आणि पुन्हा ठेवली.

"माझ्या छातीत निदान ठोके तरी असतील की नाही? जिवंत माणसाच्या छातीत काहीच ऐकू आलं नाही, तर डॉक्टर दचकेल. तुम्ही दचकला नाहीत, कारण तुम्ही ऐकतच नव्हता. पेशंटनं गप्प बसावं म्हणून तुम्ही नळ्या कानात घालता. आत बोळा असला काय, नसला काय, तुमचं काम होतच होतं."

"वाटेल ते बोलू नका," डॉक्टर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "आणि ड्रायव्हर आला तेव्हा बोळा नव्हताच. त्याचे ठोके मला स्वच्छ ऐकू आले."

"तेव्हाही होता."

थोरले डॉक्टर दारात उभे होते. जिना उतरून त्यांना धाप लागली होती. सिस्टरनी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली.

"मी घातला," ते म्हणाले. "एक जुनी पेशंट माझ्यापुढे येऊन रडली, की तुमचा मुलगा हात लावत नाही. मी तिला खोटी ठरवून घालवली. पण मनाला चैन पडेना. दुपारी हा जेवत होता, तेव्हा मी खुंटीवरची नळी काढून तिच्यात बोळा बसवला. वाटलं, चार वाजता पहिला पेशंट आला की हा धावत वर येईल, बाबा, ही बिघडली म्हणेल. मग मी हसून दोरा ओढणार होतो. तो रात्री आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशीही तसाच. महिना उलटला. रोज जेवताना मी त्याच्या तोंडाकडे बघायचो, आज तरी म्हणेल."

"बाबा, मग तुम्ही बोलला का नाहीत?" धाकटे डॉक्टर ओरडलेच.

"लाज वाटली. माझ्या मुलाला मी शिकवलंय, हे मी गावभर सांगितलं होतं. बोललो असतो तर मला ते खरं मानावं लागलं असतं. मी गप्प बसलो, आणि तेवढ्यात ड्रायव्हर येऊन गेला." त्यांनी पोरीकडे बघितलं. "त्यात माझाही वाटा आहे. तो मी नाकारत नाही."

त्यांनी टेबलावरची नळी उचलली, तबकडी दांड्यावर नीट बसवली आणि मुलाच्या हातात दिली. "फौजदारबाई, बसा. खोल श्वास घ्या. तू ऐक."

धाकट्या डॉक्टरांनी नळ्या कानात घातल्या. या वेळी त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं नाही. तबकडी पाठीवर इकडून तिकडे फिरली, एका जागी थांबली, पुन्हा तिथेच आली. बाई श्वास घेत होत्या, सोडत होत्या. त्यांना भीती वाटली, आणि वाटली हे त्यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलंसुद्धा.

"उजवीकडे," डॉक्टर हळूच म्हणाले. "खाली. चरचर आहे. एक्स-रे काढायला हवा. उजव्या कुशीवर त्रास जास्त होत असेल."

"हेच सांगत होते सकाळी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे येतं तुला ऐकू," थोरले डॉक्टर म्हणाले. मुलानं मान खाली घातली. त्याला येत नसतं तर बापाला सोपं गेलं असतं.

मग ते पोरीजवळ गेले. तुझ्या वडिलांना इथे आणलंस त्या दिवशी ते चालत आले का, बोलत होते का, शुद्ध नीट होती का, असं त्यांनी एकेक विचारलं, आणि आपला बरा कान तिच्या तोंडाशी नेऊन प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. ती सांगता सांगता रडायला लागली तरी त्यांनी मध्येच तोडलं नाही. तिचं बोलणं संपल्यावर ते तिच्या भावाकडे वळले.

"तुझ्या बहिणीनं त्यांना वेळेवर आणलं होतं. उशीर झाला तो या खुर्चीत झाला."

धाकटे डॉक्टर काहीतरी बोलू बघत होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग भाऊ भिंतीपासून निघून बहिणीजवळ आला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. तिथेच पेशंटच्या स्टुलावर बसून त्यानं ती मांडीवर ओतली, आणि एकेक पाकीट उजेडात धरून बघू लागला. प्रत्येक कप्पा फुटलेला होता. सगळी बघून झाल्यावर त्यानं ती पुन्हा पिशवीत भरली, गाठ मारली, आणि बहिणीला म्हणाला, "चल, घरी जाऊ."